मुक्या माळावरचे बावीस उंबरे

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य मोठे होते, राजा कामाचा होता, पण राज्यातून वाहणाऱ्या नदीचा स्वभाव चांगला नव्हता. दर पावसाळ्यात ती काठ खाई. एके वर्षी भाद्रपदात तिने बावीस उंबऱ्यांचे एक गाव तीन दिवसांत गिळले. पहिल्या दिवशी शेते गेली, दुसऱ्या दिवशी गोठे गेले, तिसऱ्या दिवशी देऊळ आणि घरे गेली. माणसे टेकडीवर चढली म्हणून वाचली. एक तेवढा वाचला नाही. सुभाना नावाचा शेतकरी दावणीचे बैल सोडायला मागे फिरला. बैल पोहून बाहेर आले, सुभाना आला नाही.

त्या सुभानाची बायको भिवरा. गावाचे बियाणे राखण्याचे काम सासूकडून तिच्याकडे आले होते. गाव बुडत असताना शाळूच्या बियाण्याचा हारा डोक्यावर घेऊन ती टेकडी चढली, आणि हारा खाली ठेवून मागे वळली तेव्हा तिला कळले की नवरा मागे नाही. ती रडली. मग हाऱ्यावर घोंगडे टाकून बसली, कारण पाऊस थांबला नव्हता. तिची लेक चिमा पाच महिन्यांची गरोदर होती. चिमाचा नवरा धोंडी घरजावई होता, तो दोघींच्या शेजारी उभा राहिला.

गावचे पाटील रायाजी सगळ्यांना घेऊन राजाकडे गेले. म्हणाले, "महाराज, आमचं गाव गेलं. जमीन द्यावी."

राजा म्हणाला, "रिकामी जमीन माझ्याकडे एकच आहे. दक्षिणेला सात कोसांवर, दोन डोंगरांच्या मध्ये. लोक तिला मुका माळ म्हणतात. तिथे काही उगवत नाही. आजोबांनी ती एकांना दिली, वडिलांनी दुसऱ्यांना, मी तिसऱ्यांना. तिघेही महिन्याभरात परत आले."

मागून भिवराने विचारले, "माती कसली आहे, महाराज?"

"काळी."

"मग आम्ही जातो," भिवरा म्हणाली.

आश्विनात बावीस कुटुंबे माळावर पोहोचली. माती खरोखर काळी होती, कमरेइतकी खोल होती. भिवराने ढेकूळ फोडून हुंगले आणि मान डोलावली. नांगर चालले, पाभर चालली, शाळू पेरला. माळावर झाड नव्हते, गवताची काडी नव्हती, किडामुंगीसुद्धा नव्हती. मधोमध एक जुनी कोरडी बारव होती, आणि बारवेच्या काठाशी खड्यांमध्ये एक टिटवी अंड्यांवर बसली होती. तिच्या जवळून कोणी गेले की ती ओरडे, पण उठत नसे.

आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. भिवराने बोटाने माती उकरली. बी पेरले तसेच होते, जसे काही आत्ताच हाऱ्यातून काढले. फुगले नव्हते, कुजलेही नव्हते. मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. दुधाला विरजण लावले तर दही होईना. कोंबडी अंड्यांवर बसून बसून कंटाळली, पिल्लू निघेना. पाटलांची गाय व्यायला झाली होती, तिचे दिवस उलटून गेले आणि ती तशीच रवंथ करीत राहिली.

पुरुष पाच कोस चालून शेजारच्या मुलखात सुगीला जात, धान्य आणीत, आणि त्यावर बावीस चुली कशाबशा पेटत. पौष संपला. चिमाचे नऊ महिने भरले. माघ लागला. चिमा बाळंत होईना.

धोंडीने गाडी जुंपली. सासूला म्हणाला, "आत्या, मी हिला माळाबाहेर नेतो."

गाडी शिवेच्या दगडापाशी आली आणि चिमाने किंकाळी फोडली. "आई, बाळ हलायचं थांबलं! मागे घ्या, मागे घ्या गाडी!"

धोंडीने बैल मागे रेटले. गाडी माळावर परत आली तसे पोटातले बाळ पुन्हा हलू लागले. धोंडीने बैल सोडले. भिवरा गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द निघाला, "अरे देवा, आत ठेवता येईना, बाहेर नेता येईना. कुणाला विचारू?"

"मला विचार," टिटवी म्हणाली.

भिवरा बारवेपाशी गेली आणि टिटवीसमोर उकिडवी बसली.

टिटवी म्हणाली, "या चार अंड्यांवर मी एकशेवीस वर्षं बसले आहे. मीही एकदा एक अंडं चोचीत धरून शिवेबाहेर न्यायला निघाले होते. ते गार पडू लागलं, म्हणून परत आणलं. इथे ज्याची वेळ अडली, त्याला बाहेर नेलं तर ते मरतं."

"वेळ कुणी अडवली?"

"कालभुज नावाच्या मांत्रिकाने. तो पश्चिमेच्या डोंगरात गुहेत बसतो. जा, आणि विचार. मला अंडी सोडून जाता येत नाही, नाहीतर मीच केव्हाच गेले असते."

भिवराने लेकीला पाटलांच्या बायकोच्या हाती सोपवले, पदराला दोन भाकरी बांधल्या आणि ती डोंगर चढली. गुहेत कालभुज बसला होता. त्याची कातडी वाळल्या भोपळ्यासारखी झाली होती. डोळे मात्र स्वच्छ होते.

"बाबा, माळ का अडवलात?" भिवराने विचारले.

कालभुज म्हणाला, "आत्ताच्या राजाचा पणजा लढाईतून सात हंडे सोनं घेऊन आला. ते त्याने बारवेत ठेवलं आणि मला विचारलं, हे राखील कोण? मी म्हणालो, मातीच राखील. मी मातीला एक शब्द सांगितला, 'थांब'. मला सोन्यापुरतंच म्हणायचं होतं. पण मातीने आपल्या परीने ऐकलं. ती सगळ्यासाठी थांबली. माझंही मरण या गुहेच्या तोंडाशी एकशेवीस वर्षं बसून आहे. त्याला मला हात लावता येत नाही."

"मग माळ सोडवा."

"सोडवायचा शब्द वेगळा आहे. तो तीन अक्षरांचा होता. तो मी तिघांना वाटून दिला, म्हणजे उद्या माझी मती फिरली तरी एकट्याला राखण मोडता येऊ नये. अक्षर दिलं की देणाऱ्याजवळ उरत नाही. आता मला तो शब्द आठवत नाही."

"तुम्ही जाऊन मागून का नाही आणत?"

"मीच तिघांना बजावलं होतं, कालभुज आला तर देऊ नका," म्हातारा म्हणाला. "ते बोलण्याला पक्के आहेत."

"कोण तिघे?"

"पहिलं अक्षर बारवेतल्या नागाकडे. दुसरं उत्तरेच्या डोंगरावर दळणाऱ्या यक्षिणीकडे. तिसरं त्या राजाच्या अंगठीत. जो कोणी अक्षर मागेल त्याला राखणदार काम सांगेल. काम झालं तर अक्षर तुझ्या तळहातावर उमटेल."

भिवराने त्याला एक भाकरी दिली. तिने डोंगर उतरायला सुरुवात केली तेव्हा म्हातारा ती भाकरी हातात धरून नुसता बघत बसला होता. बऱ्याच काळात त्याच्याकडे कोणी काही आणले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला भिवरा बारवेच्या पायऱ्या उतरली. तळाशी सात हंडे होते आणि त्यांवर वेटोळे घालून नाग बसला होता. त्याचे अंग धुळीने पांढरे पडले होते.

"नागराजा, मला अक्षर हवं आहे."

"मला पाणी हवं आहे," नाग म्हणाला. "एकशेवीस वर्षं मी जागा सोडली नाही. मी नदीवर जाऊन येतो, दिवस मावळेपर्यंत तू माझ्या जागी बस. नाण्याला हात लावायचा नाही. कुणीही बोलावलं तरी उठायचं नाही. यातलं एक जरी मोडलंस तर तू तिथेच थांबशील, या मातीसारखी."

नाग निघून गेला. भिवरा हंड्यांच्या मधल्या दगडावर बसली. सकाळभर काही झाले नाही. ऊन बारवेत उतरले, सोने चमकू लागले आणि त्या चमकेत तिला आपले गाव दिसले. बुडालेले नव्हे, होते तसे. देवळाचा कळस दिसला, पारावर बसलेली माणसे दिसली, तिच्या घराचे शेणाने सारवलेले अंगण दिसले. अंगणात सुभाना उभा होता. त्याच्या हातात बैलांची दावी होती.

"भिवरे, घरात ये," तो म्हणाला. "जेवायचं थांबलोय."

आवाज त्याचाच होता. तिने दोन्ही हातांनी खालचा दगड घट्ट धरला.

"भिवरे, मी वाहून नाही गेलो. बघ की, कोरडा आहे मी."

"दिसतंय मला," ती म्हणाली.

"मग ये."

"चिमाचे दिवस भरलेत, धनी. मला आत्ता येता येणार नाही."

तो अंगणात तसाच उभा राहिला, दिवसभर उभा राहिला, आणि तीही दिवसभर त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते, ते तिने पुसले नाही, कारण दगडावरचे हात काढायची तिला भीती वाटत होती. सूर्य मावळला तशी सोन्याची चमक गेली आणि अंगण दिसेनासे झाले.

नाग ओल्या अंगाने पायऱ्या उतरून आला. काळाभोर झाला होता. त्याने तिच्या उजव्या तळहातावर फुंकर घातली. हिरव्या गोंदणासारखी एक खूण उमटली. भिवराला वाचता येत नव्हते. तिने मूठ मिटली.

"माझी राखण संपली," नाग म्हणाला. "नदी मोठी चांगली आहे." आणि तो शिवेकडे निघून गेला.

भिवराला नदीबद्दल वेगळे काही म्हणायचे होते, पण तोवर तो लांब गेला होता.

मग ती उत्तरेच्या डोंगरावर गेली. वर यक्षिणी बसली होती आणि ती डोंगर दळत होती. अर्धा डोंगर दळून झाला होता. जाते घराएवढे होते. खुंटा दोघींनी धरायचा होता, यक्षिणी एकटीच ओढत होती.

"अक्षर मागायला आलीस," यक्षिणी म्हणाली. "बस समोर, खुंट्याला हात लाव. दळताना मी न ऐकलेली एक ओवी म्हण. मी सप्तलोकांतल्या ओव्या ऐकल्या आहेत. तीन वेळा म्हणता येईल. चौथ्यांदा नाही."

भिवराने हात लावला. जाते फिरू लागले. तिने आईची ओवी म्हटली.

"ऐकली आहे," यक्षिणी म्हणाली.

दुपार झाली. भिवराचे खांदे भरून आले, तळहाताला फोड आले. तिने सासूची ओवी म्हटली. ती ओवी सासूने स्वतः रचलेली होती आणि गावाबाहेर कोणी म्हणत नसे.

"ही तिने एकदा पहाटे म्हटली तेव्हा वारा इकडचा होता," यक्षिणी म्हणाली. "ऐकली आहे."

आता भिवराजवळ कोणाचीच ओवी उरली नव्हती. तिला ओव्या रचता येत नव्हत्या. दळायला बसल्या बायका म्हणतात त्या म्हणायच्या, एवढेच तिला ठाऊक होते. जाते फिरत राहिले. डोंगराखाली माळ दिसत होता, माळावर बावीस खोपट्या दिसत होत्या, आणि एका खोपटीच्या दारात कोणीतरी पोटाला हात लावून उभे होते. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण उभे राहण्याची तऱ्हा भिवराने ओळखली. जात्याच्या घरघरीबरोबर तिच्या तोंडून निघाले,

"दहावा गं मास गेला, अकरावा दारी उभा
बाळ उंबऱ्याशी माझं, त्याला मिळेना गं मुभा."

यक्षिणीचा हात थांबला. जाते थांबले.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

भिवराने पुन्हा म्हटले. यक्षिणीने ओवी मनात घोळवली, आणि जात्याच्या पाळीवरचे चिमूटभर पीठ घेऊन भिवराच्या तळहातावर चोळले. दुसरी खूण पहिलीच्या शेजारी उमटली. फोडही गेले.

उरला राजा.

भिवरा आणि रायाजी पाटील राजाकडे गेले. भिवराने जे घडले ते क्रमाने सांगितले. काही लपवले नाही, सोन्याचेही नाही. राजाने अंगठीकडे पाहिले. पणज्यापासून ती बोटातून बोटात आली होती. राज्याभिषेकाच्या वेळी एकदा घालायची, मेल्यावर वारसाने काढायची. मधे कोणी काढीत नसे.

"सात हंडे?" राजाने विचारले.

"सात, महाराज."

"नाग?"

"गेला."

राजा म्हणाला, "उद्या मी येतो."

तो आला तो वीस शिपाई आणि पाच गाड्या घेऊन आला. पाटलांचा चेहरा पडला. राजा त्यांना म्हणाला, "पाटील, सोनं माझ्या पणज्याचं आहे. आधी ते काढू. मग अक्षर देईन. तुमचं त्यात काही जात नाही."

त्याने खूण केली. दोन शिपाई बारवेत उतरले. पहिल्याने हंड्यावरचे नाणे उचलले आणि तो थांबला. एक पाय पुढे, तोंड अर्धे उघडे, तसाच. दुसऱ्याने त्याचा दंड धरून ओढले, तोही थांबला. वरून हाका मारल्या तर एकही उत्तर देईना. बाकीचे अठरा शिपाई आपोआप दोन पावले मागे सरकले.

तेवढ्यात डोंगरावरून कालभुज उतरून आला. राजाने असा म्हातारा कधी पाहिला नव्हता, पण त्याने ओळखले.

"हे सोनं कसं निघेल?" राजाने विचारले.

"शब्द उच्चारला की सगळं सुटेल. शिपाईही सुटतील."

"आणि सोनं?"

"जे जे थांबलं आहे ते आपल्या वाटेला लागेल. बी रोपाच्या वाटेला, दूध दह्याच्या वाटेला, मी माझ्या. सोन्यावर मी शब्द टाकला तेव्हाच ते मातीशी बांधलं गेलं. त्याची वाट मातीची. ते माती होईल."

"दुसरा उपाय?"

"नाही."

राजाने तंबू ठोकायला सांगितले. तो दिवस त्याने विचारात घालवला, दुसराही घालवला. भिवराने एकदाच विचारले, "महाराज, काय ठरलं?" राजा म्हणाला, "सात हंड्यांत नदीला दगडी बांध घालता येईल, बाई. तुझ्या गावासारखी दहा गावं वाचतील. मला दोन्ही बाजू बघाव्या लागतात." राजाचे म्हणणे खोटे नव्हते. भिवरा परत फिरली आणि त्या दिवशी प्रथमच तिला वाटले की आपण हरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजा एकटाच खोपट्यांमधून फिरत होता. एका दारात चिमा भिंतीला टेकून उभी होती. फाल्गुन अर्धा सरला होता. तिचे पाय सुजले होते, डोळ्यांखाली काळे झाले होते. तिने राजाला ओळखले नाही, किंवा ओळखूनही तिला लवता आले नाही.

"मुली, बसत का नाहीस?" राजाने विचारले.

"बसले की उठता येत नाही."

"मग नीज."

"उताणं निजलं की दम लागतो. कुशीवर वळता येत नाही. दोन महिने झाले, मी भिंतीला टेकून झोपते."

"तुला काय हवं?" त्याने विचारले. राजे लोक असे विचारतात तेव्हा माणसे गावे मागतात, हार मागतात.

"मला कूस बदलायची आहे," चिमा म्हणाली.

राजाने मान खाली घातली. मग म्हणाला, "बांध घालायला मला दुसरीकडून काही उभं करता येईल. हे नाही येणार." त्याने भिवराला बोलावणे पाठवले, पाटलांना बोलावले, सगळा गाव बारवेच्या काठी जमवला. सगळ्यांदेखत बोटातली अंगठी काढली. अंगठी निघताना बोटाची कातडी सोलून निघाली, इतकी ती रुतली होती. खड्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर कोरलेले होते.

राजा म्हणाला, "ऐका. ही अंगठी काढली म्हणजे या माळावरचा आणि माळाखालचा माझा हक्क संपला. आज माळ तुमचा." आणि त्याने अंगठी उलटी करून भिवराच्या तळहातावर दाबली.

तिसरी खूण उमटली. राजाने तिचा हात धरून तिन्ही अक्षरे वाचली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आले.

"शब्द कोणता, महाराज?"

राजा वाकून तिच्या कानात बोलला. भिवरा चकित झाली. "एवढाच?"

"एवढाच."

भिवरा खाली बसली. तिने उजवा तळहात काळ्या मातीवर टेकला आणि, शेजारणीशी बोलावे तशी, मातीला म्हणाली,

"उगव."

आधी टिटवी उठली. तिच्याखाली चार अंडी फुटली होती. चार पिल्ले बाहेर आली आणि लगेच पळू लागली, जशी टिटवीची पिल्ले पळतात. बारवेतल्या पहिल्या शिपायाने टाकायचे राहिलेले पाऊल टाकले, दुसरा त्याच्या अंगावर पडला, आणि दोघेही ओरडत वर आले. त्यांच्या मागे सात हंडे फुटल्याचा आवाज झाला. हंड्यांतून काळी माती सांडली. पाटलांची गाय वाकून हंबरली. खोपट्यांतल्या मडक्यांत दूध थरथरले आणि घट्ट झाले. आश्विनात पेरलेला शाळू फाल्गुनात वर आला, आणि पाहणाऱ्यांच्या पायांशी आला, त्यामुळे माणसे उड्या मारीत बाजूला झाली.

मग चिमाने आईला हाक मारली.

पाटलांची बायको सुईणीचे काम जाणत होती. पुरुषांना शिवेच्या दगडापर्यंत हाकलले, राजालाही हाकलले. राजा, पाटील आणि धोंडी तिथे उन्हात एका रांगेत बसले. धोंडीला उगाच तहान लागत होती. दुपार टळली तेव्हा भिवरा खोपटीतून निघून शिवेपाशी आली. तिच्या हातांत धडुत्यात गुंडाळलेली मुलगी होती. पोटात अकरा महिने राहिल्यामुळे तिला चार दात होते.

"चिमा कशी आहे?" धोंडीने विचारले.

"कुशीवर निजली आहे," भिवरा म्हणाली, आणि मग ती तिथेच दगडाला टेकून खूप वेळ रडली. सुभानासाठीही रडली. भाद्रपदापासूनचे रडू राहिले होते.

कालभुज गुहेत परत गेला नव्हता. तो शाळूच्या कडेला बसून होता. त्याने घोटभर पाणी मागितले, पाटलांनी दिले. "आलं," तो डोंगराच्या दिशेने बघत म्हणाला, आणि मान टेकली. गावाने त्याला पश्चिमेच्या उतारावर अग्नी दिला. त्याने केले ते वाईट होते, पण उत्तरकार्याला कोणीतरी हवे असते, आणि त्याचे कोणी नव्हते. ते गावाचे स्मशान ठरले.

राजाच्या कारकुनाने ताम्रपट आणला. म्हणाला, "गावाचं नाव सांगा, कोरायचं आहे." लोकांनी बुडालेल्या गावाचे नाव सांगितले. भिवरा म्हणाली, "ते नाव आता नदीचं झालं. तिच्याकडेच राहू द्या." मग दोन दिवस वाद झाला. कारकून कंटाळला. शेवटी मातीला जो शब्द सांगितला तोच धरून त्याने 'उगवे' असे कोरले, आणि वाद मिटला, कारण ताम्रपट पुसता येत नाही.

उगवे असे वसले. बारव उपसली तर तिला पाणी लागले, सोन्याची माती होती तिथून लागले. बारवेभोवती पहिली आळी झाली, तिला पाटील आळी म्हणतात. दुसऱ्या वर्षी कुंभार आला, कारण माती चांगली असल्याचे त्याने ऐकले होते. तिसऱ्या वर्षी सुतार आणि लोहार आले. पाचव्या वर्षी आजूबाजूच्या मुलखातले लोक शाळू न्यायला येऊ लागले तेव्हा बुधवारचा बाजार भरू लागला. देऊळ सर्वांत शेवटी झाले. आधी घरे होऊ देत, देवाला घाई नाही, असे भिवराने सांगितले होते. राजाने पुढे नदीला बांध घातला. सात हंड्यांचा नव्हे, लहान. तो दोनदा वाहून गेला आणि तिसऱ्यांदा टिकला.

चिमाच्या मुलीचे नाव उगवतीबाई ठेवायचे काहींच्या मनात होते. चिमाने ते मोडून काढले आणि मुलीचे नाव ठकू ठेवले. ठकू मोठी झाली, बियाणे राखायचे काम आजीकडून तिच्याकडे आले.

भिवरा फार म्हातारी झाली तेव्हाची गोष्ट. पूर्वेकडून नऊ गाड्या शिवेवर आल्या. त्यांच्या मुलखात सलग दुष्काळ पडला होता. गाड्यांवर चुलीची भांडी होती, म्हातारी माणसे होती, आणि पुढे एक उंच बाई चालत होती. गावात चर्चा सुरू झाली. काही म्हणाले, जागा आहे. काही म्हणाले, आज जागा आहे, उद्या आपल्या नातवंडांना कुठे राहील? रायाजी पाटलांचा मुलगा आता पाटील होता, तो म्हणाला, "शिवार आखलेलं आहे. नऊ घरं कुठे बसवणार?"

भिवराला उचलून पारावर आणून बसवले. तिने त्या उंच बाईला बोलावले.

"नाव काय तुझं?"

"सगजा."

"काय पेरता तुम्ही?"

"करडई. आणि जवस. आमच्याकडचा जवस चांगला असतो. थोडं बी आणलंय."

भिवरा पाटलांच्या मुलाला म्हणाली, "आपल्याकडे जवस नाही." आणि काठी टेकून उठली. तिला चालवत नव्हते. तरी ती उत्तरेच्या बाजूला गेली. ठकूने तिचा एक दंड धरला, सगजाने दुसरा. भिवराने काठीने मातीवर पहिली रेघ ओढली, तिथून पन्नास पावलांवर दुसरी, आणि म्हणाली, "इथून बसा. पाण्याला बारवेवर या. बुधवारी बाजार असतो."

त्या नऊ घरांची मोठी आळी झाली. तिचे नाव नवी आळी. तिथली माणसे आता गावात सर्वांत जास्त आहेत, आणि बाहेरून कोणी आले तर तीच पुढे होऊन सांगतात की आम्ही इथले मूळचे.

उगवे गावाची हकीकत अशी आहे. सांगायची होती ती सांगून झाली. आता उठा, आपापल्या कामाला लागा, आणि तुमच्या शेतातले सगळे वेळेवर येवो.